टेबट नियम

बेरिल टेबट माणसाचं तोंड नंतर बघते, आधी बूट. बुटांच्या कारखान्यात शिवणयंत्रावर बेचाळीस वर्षं काढल्यावर दुसरं काय होणार! एका लग्नात तिनं नवरदेवाला भर चर्चमध्ये सांगितलं होतं, "उजव्या बुटाची शिवण उसवतेय हं तुझ्या." पाद्रीसुद्धा थांबून खाली बघायला लागला. आज ती बाहत्तर वर्षांची आहे, पण यंत्रांच्या खडखडाटावर मात करायची सवय आवाजातून गेलेली नाही. ती कानात कुजबुजली तरी पलीकडच्या गल्लीत बातमी पोचते.

अशा बाईला वर्षातून एकदा मी गप्प बसवायचो. पबापबांत स्किटल्स नावाचा खेळ चालतो, त्याच्या आमच्या लीगचा मी सेक्रेटरी, आणि सप्टेंबरच्या सभेत नियम वाचण्याचं काम माझं. नियम नववा : हंगामापूर्वी प्रत्येक पबमधलं खेळाचं टेबल सपाट आहे का, ते पाणसळ लावून तपासावं. कागदावर एवढंच आहे. पण बोलण्यात सगळे त्याला 'टेबट नियम' म्हणतात आणि मीही तसंच वाचायचो. मागच्या बाकावर बेरिल हाताची घडी घालून समोर बघत राहायची.

हे टेबट म्हणजे तिचे वडील, सिरिल. कारखान्यात चामडं कापायचे. त्यांच्या सुरीखाली वाकडा तुकडा कधी निघाला नाही, असं जुने लोक सांगत. १९५७ साली त्यांनी आमच्या 'हॉर्सशू' पबसाठी स्किटल्सचं टेबल स्वतःच्या हातानं बनवलं. ओकचे पाय, वर चामड्याची गादी, मागं आणि दोन्ही बाजूंना घोड्याचे केस ठासून भरलेल्या चामड्याच्या भिंती. गादीवर नऊ खुंट्या उभ्या करायच्या आणि लांबून लाकडी चकत्या फेकून पाडायच्या. त्या चकत्यांना आम्ही 'चीज' म्हणतो. का, ते मला विचारू नका. भिंतींची शिवण सोळा वर्षांच्या बेरिलनं घातली होती.

पुढं नवा पबवाला आला. त्याला खिडकीत ज्यूकबॉक्स हवा होता, म्हणून त्यानं टेबल शेकोटीपाशी सरकवलं. १९७० च्या त्या हंगामात हॉर्सशूवाले घरच्या टेबलावर हरेचनात. एका रात्री गावातल्याच दुसऱ्या पबचा संघ खेळायला आला. त्याचा कप्तान होता माझा बाप, आर्नोल्ड मॉब्स. धंद्यानं गवंडी. त्यानं कोटाच्या खिशातून पाणसळ काढली आणि सगळ्यांसमोर गादीवर ठेवली. तिच्या काचेतला बुडबुडा मध्ये थांबायचा सोडून पळत जाऊन टोकाला बसला.

"सिरिल, टेबल वाकडं आहे तुझं," माझा बाप म्हणाला.

सिरिल म्हणाले, "टेबल आपल्या जागेवर नाही."

यावर पब खो खो हसला. मी वीस वर्षांचा होतो, मीही हसलो. सिरिल कोट घालून निघून गेले आणि पुन्हा त्यांनी चीज हातात धरली नाही. नियम आला, टेबल कुठंतरी विकलं गेलं, तेरा वर्षांनी सिरिल वारले. नाव मात्र नियमाला चिकटून राहिलं.

गेल्या एप्रिलमध्ये बेरिलचा फोन आला. मी रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरला.

"क्लिफ, पाणसळ घेऊन ये. तुझ्या बापाचीच आण."

ती अंडी आणायला एका शेतावर गेली होती. कोठारात कोंबड्या कशात बसल्यात म्हणून वाकून बघते, तर चामड्याच्या तीन भिंती! मी पोचलो तेव्हा ती गुडघ्यावर बसून विष्ठा खरवडत होती.

"ही शिवण बघ. इथं दोरा संपला होता, म्हणून दोनदा टीप मारलीय. बाबा चिडले होते माझ्यावर." डोळे पुसून तिनं मला दरडावलं, "बघतोस काय? लाव पाणसळ!"

कोठाराची जमीन सिमेंटची, नवी, सपाट. मी पाणसळ गादीवर ठेवली. बुडबुडा टोकाला जाऊन बसला. मला बापाचं बरोबर निघाल्याचा आनंद व्हायला हवा होता. पण वाटली ती लाज. मी म्हटलं, "बेरिल, जाऊ दे आता. इतकी वर्षं झाली."

ती ऐकतच नव्हती. टेबलाखाली डोकं घालून ती पाय चाचपत होती.

"दोन पाय बोटभर आखूड आहेत. आणि बघ, तासून गुळगुळीत केलेत, चारही पायांखाली चामडं लावलंय. ही चूक नाही रे, हे माप आहे!" ती बाहेर आली ती केसांत पीस घेऊन. "तुझे दोन पाय तरी सारखे आहेत का? डावा मोठा आहे तुझा, कधीची बघतेय मी. बूट पायाच्या मापाचा करतात, क्लिफ. हे टेबल कशाच्या मापाचं आहे?"

त्याच दिवशी शेतकऱ्याच्या ट्रॉलीत टेबल घालून आम्ही हॉर्सशूमध्ये आणलं. सध्या पब चालवणारी लिंडसी दारात आडवी उभी राहिली. "अहो बेरिल, कार्पेट नवीन आहे माझं!"

"नवीन होतं. बूट बघ तुझ्या गिऱ्हाइकांचे. उचल!"

खिडकीजवळचं कार्पेट निघालं. खाली जुनी दगडी फरशी, धुतल्यावर पाणी आपोआप दाराकडं जावं अशा उताराची. तिच्यावर चामड्याचे चार काळपट डाग होते, टेबलाच्या चार पायांच्या अंतरावर. चौघांनी टेबल उचलून त्या डागांवर ठेवलं. मी गादीवर पाणसळ ठेवली. बुडबुडा सरकला, दोन रेघांच्या मध्ये आला आणि तिथंच थांबला.

माझ्या गवंडी बापानं टेबलावर पाणसळ ठेवली, फरशीवर ठेवली नाही. आणि गावातल्या एकालाही ते सुचलं नाही.

"मीही हसलो होतो त्या रात्री," मी बेरिलला सांगितलं.

"माहीत आहे. मी होते तिथं." तिनं पाणसळ पुसून माझ्या खिशात घातली. "ही पण खरंच बोलली होती. नीट सांभाळ."

सप्टेंबरच्या सभेत नववा नियम मी नव्यानं लिहून आणला : टेबल तपासण्याआधी फरशी तपासावी. हात वर झाले, एकमतानं मंजूर. मग मी म्हटलं की, याला इथून पुढं टेबट नियम म्हणायचं बंद करू या. झालं तेवढं पुष्कळ झालं.

मागच्या बाकावरून आवाज आला, तो बाहेर रस्त्यावरही ऐकू गेला असणार.

"खबरदार! आता तर नाव तेच राहील."