खिडकीजवळचं टेबल

आग्रह हा माझा जुना आजार. पाहुण्याच्या पानात आणखी एक पोळी सरकवल्याशिवाय मला स्वतःला जेवल्यासारखं वाटत नाही. "अहो, नको म्हणताहेत ना ते!" असं बायको म्हणते, तेव्हा मला ती माणूसघाणी वाटते.

कॅनडात, मॉन्ट्रियललगतच्या ब्रॉसार्डला आमच्या शेजारी मूळचे लेबनॉनमधल्या बैरूतचे एक गृहस्थ राहतात, माझ्यासारखेच रिटायर्ड. त्यांची मुलगी मॉन्ट्रियलला एका उंच हॉटेलात, सगळ्यात वरच्या मजल्यावरचं रेस्टॉरंट सांभाळते. बाबांनी एकदा येऊन आपलं काम पाहावं, एवढंच तिचं मागणं. ते दर वेळी गुडघेदुखी पुढे करत. शेवटी ती मला म्हणाली, "अंकल, तुम्हीच आणा त्यांना." झालं! मी त्यांचं इतकं डोकं खाल्लं, की कंटाळून आले बिचारे.

दुपारची वेळ. ते भिंतीला पाठ लावून बसले. मी म्हटलं, "छे! पाहुण्यानं खिडकीपाशी बसायचं," आणि हाताला धरून नेलंच. वर त्यांच्या डोळ्यांवर ऊन नको म्हणून पडदा ओढायला उठलो. तोच त्यांनी माझ्या कोटाला असा हिसका दिला, की मी जमिनीवर आणि टेबलावरचं सूप माझ्यावर.

"खाली राहा," ते माझ्याशेजारी वाकून म्हणाले. "समोरून दिसतोस."

समोर दुसरं हॉटेल होतं.

मग तिथंच बसून, फार दमलेल्या आवाजात ते बोलले. "यादवीत आमची गल्ली दोन हॉटेलांच्या मध्ये सापडली. एकात हे बंदूकवाले, दुसऱ्यात ते. वरचा मजला ज्याचा, खालचा रस्ता त्याचा. एकेका जिन्यासाठी लढायचे. आज हे वर, उद्या ते. आम्हाला काय, गोळी या बाजूनं नाही तर त्या बाजूनं. माझा धाकटा भाऊ पडदा ओढायला उठला."

मुलगी मागे येऊन उभी होती. "बाबा, काका तापानं गेले ना?"

"ताप सांगायला सोपा होता."

किचनच्या बोळात, जिथं एकही खिडकी नाही, तिथं तिनं आमचं टेबल लावलं. ट्रॉल्या खुर्च्यांना धडकत होत्या. ती चव बघत होती, प्लेटा परत पाठवत होती, पोरांवर फ्रेंचमध्ये खेकसत होती. ते बघत राहिले. ब्रेडची टोपली आली; ती त्यांच्यापुढे न सरकवता मी सुपानं भिजलेले हात मांडीवरच ठेवले.

मध्येच ती धावत आली. "बाबा, घरी जायचंय?"

"थांब जरा," ते म्हणाले. "ती कडेची प्लेट गार होतेय. आधी ती ने."