मामा व्हॅनमधून उतरेनात

आमच्या व्हॅनमध्ये बसणं सोपं होतं. उतरणं मात्र तिच्या मर्जीवर होतं.

ती मी यवतमाळच्या एका डॉक्टरांकडून घेतली. गाडीला काही म्हणजे काही आजार नाही, असं ते म्हणाले होते. आता डॉक्टरच असं म्हणाल्यावर माणूस दुसऱ्या कुणाला विचारायला जाईल का? पण घाटंजीला घरी येईपर्यंत मला तिची सगळी दुखणी कळली. डावीकडे वळलं की हॉर्न आपोआप वाजायचा (उजवीकडे वळताना तो दाबून दाबून वाजत नसे). ब्रेक मारला की वायपर सुरू व्हायचा. इंजिन सीटखाली, त्यामुळे वैशाखात गाडी चालवणाऱ्याला बसल्या जागी शेक मिळे. उजव्या बाजूचं सरकतं दार आधीच्या कुठल्यातरी मालकाने वेल्डिंग मारून कायमचं बंद केलं होतं. ते का केलं असेल हे मला डावीकडचं दार बघून कळलं. ते दार चालत्या गाडीत, कुणी हात न लावता, सरकन उघडायचं.

एकदा बाभुळगावहून येताना ते असंच उघडलं आणि भाजीची पिशवी रस्त्यावर गेली. मागून येणाऱ्या एका सायकलवाल्याने बिचाऱ्याने वांगी गोळा करून आणून दिली. माझी बायको सुनंदा म्हणाली, "यायले रोजीनं लावून घ्या. आपल्या गाडीमागं एक माणूस लागतेच."

मी स्वभावाने तक्रारखोर आहे, हे गावात सगळ्यांना माहीत आहे. मी हायस्कूलात विज्ञान शिकवतो आणि जगात जे काही बिघडतं ते कुणाच्या तरी हलगर्जीपणामुळे बिघडतं, असं माझं ठाम मत आहे. त्यामुळे एका संध्याकाळी टीव्हीवर जेव्हा सांगितलं, की कंपनीने आपल्या व्हॅन परत बोलावल्यात, सरकत्या दाराच्या खटक्यात दोष आहे, तो फुकट बदलून मिळेल, तेव्हा मी जेवता जेवता उठून उभा राहिलो. मी म्हणत नव्हतो? सगळ्यांना मी विचारलं, म्हणत होतो की नव्हतो? बाबा म्हणाले, "हाव बाप्पा, म्हणत होता. भाजी घे."

दुसऱ्याच दिवशी शाळेला दांडी मारून मी व्हॅन यवतमाळच्या शोरूमवर नेली. काउंटरवरच्या मुलाने नंबर बघितला आणि फार नम्रपणे सांगितलं, की माझी गाडी बोलावलेल्या गाड्यांपेक्षा बरीच जुनी आहे. मी म्हटलं, दोष तोच आहे ना? तो म्हणाला, अगदी तोच आहे. मी म्हटलं, मग? तो म्हणाला, "पण सर, तुमच्या गाडीला बोलावणं नाही."

घ्या! म्हणजे लग्नाला साऱ्या भावकीला अक्षता दिल्या आणि घरातल्या म्हाताऱ्याला सांगितलंच नाही, त्यातली गत. मी तिथे बरंच बोललो. साहेबांना बोलवा म्हटलं, साहेब आले, मग साहेबांनाही बोललो. शेवटी त्यांनी मला चहा पाजला आणि वाटेला लावलं. येताना आर्णी नाक्यावर दार उघडलं. मी ते बंदही केलं नाही, रागाने तसाच उघड्या दाराने घरी आलो. आणि त्या दिवशी ठरवलं, की आता ही गाडी उभी राहील. कंपनीला धडा शिकवायचा तर दुसरा उपाय काय?

उभी गाडी बाबांच्या डोळ्यात भरली. ते साल कापसाचं होतं, म्हणजे कापूस होता आणि भाव नव्हता. आमच्याकडे सगळ्यांनी जे केलं तेच बाबांनी केलं. भाव येईपर्यंत विकायचा नाही म्हणून कापूस घरात भरला. बैठकीत कापूस, पलंगाखाली कापूस, देवघराच्या दारापर्यंत कापूस. आम्ही रात्रंदिवस खाजवत होतो. माझी धाकटी बहीण माधुरी, तिला बघायला एक पाहुणे आले होते, त्यांना कापसावर सतरंजी टाकून बसवलं. खाजवत खाजवत गेले ते गेलेच, निरोपसुद्धा आला नाही. त्याआधीचं एक स्थळ असंच काहीतरी निमित्त होऊन परत गेलं होतं. आई आता माधुरीसमोर लग्नाचा विषय काढायची नाही.

तर बाबा म्हणाले, "गाडी उभीच तं हाय. कायले रिकामी ठेवतं?" आणि व्हॅनमध्ये छतापर्यंत कापूस भरला.

अशात माधुरीला मारेगावचं स्थळ आलं. मुलगा सुनील, डीएडला तिच्याच वर्गात होता. ते दोघं तेव्हापासून एकमेकांना पसंत होते, ही गोष्ट घरात फक्त सुनंदाला माहीत होती (मला लग्नानंतर कळली, मला सगळं शेवटीच कळतं). सुनीलचे वडील तो लहान असतानाच गेलेले. त्याला आणि त्याच्या आईला सांभाळलं ते त्याच्या मामांनी, नामदेवरावांनी. त्यामुळे त्या घरात मामांचा शब्द शेवटचा. आणि मामा मानाचे फार पक्के. स्थळ आणणाऱ्या आत्याने तीनतीनदा बजावलं होतं, की एका ठिकाणी पंगतीत यांच्याआधी दुसऱ्याच्या पानावर तूप पडलं, तर हे भरल्या ताटावरून उठले आणि सोयरीक तिथेच मोडली. साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मामा गाडीतून पहिले उतरले पाहिजेत, दारात पहिले त्यांचे पाय धुतले गेले पाहिजेत, पहिला टिळा त्यांना. एवढं सांभाळलं की पोरगी दिली समजा.

पाहुणे एसटीने येणार होते. त्यांना स्टँडवरून घरी आणायचं कशाने? ऑटोने? मामांना? मी म्हटलं, आपली व्हॅन आहे ना!

साक्षगंधाच्या दिवशी पहाटे उठून आम्ही व्हॅनमधला कापूस शेजाऱ्यांच्या गच्चीवर टाकला. सुनंदाने आतून झाडून घेतलं, सीटवर पांढऱ्या चादरी घातल्या. पण दार नीट सरकेना. ते ज्या पट्टीवर सरकतं त्यात कापसाचे पुंजके अडकले होते. बोटाने निघतील तेवढे काढले. आणि मग मला त्या खटक्याची आठवण आली. मामा दाराशी बसणार, मानाची जागा तीच. दार चालत्या गाडीत उघडलं आणि मामा वांग्यांच्या मार्गाने गेले तर?

आता माझं विज्ञान कामाला आलं. घर्षण कमी केलं की दार पूर्ण सरकेल, पूर्ण सरकलं की खटका पक्का बसेल, खटका पक्का बसला की दार उघडणार नाही. मी ग्रीसचा अख्खा डबा त्या पट्टीत ओतला. सुनंदा म्हणाली, अजून कापूस दिसून राह्यला आतमध्ये. मी म्हटलं, ग्रीसपुढे कापूस काय टिकतो?

टिकतो! ग्रीसमध्ये भिजलेला कापूस दाराने पुढे पुढे लोटत नेला आणि पट्टीच्या टोकाला ठासून बसवला, बाटलीला बूच बसवावं तसा. पण हे मला नंतर कळलं. स्टँडवर मामा बसले, शेजारी सुनीलची आई बसली, सुनील माझ्याजवळ पुढे. मी दार ओढलं आणि ते असं काही बंद झालं, की मामासुद्धा म्हणाले, "गाडी दमदार हाय." मला धन्य वाटलं. घरापर्यंत दार एकदाही उघडलं नाही.

घरी पोचल्यावरही उघडलं नाही.

आई ओवाळणीचं ताट घेऊन उभी. बाबा पाय धुवायला तांब्या घेऊन उभे. मी हँडल ओढलं. मग जोर लावून ओढलं. मग पाय टेकवून ओढलं, तर हँडल माझ्या हातात आलं. सुनंदा माझ्या कानाशी म्हणाली, "ते तरी सुटलं." सुनीलने आतून रेटलं, मी बाहेरून, गल्लीतले दोघे धावत आले, त्यांनी गाडी हलवून पाहिली. गाडी हलत होती, आत मामाही हलत होते, दार हलत नव्हतं. चादरीवर राहिलेला कापूस मामांच्या काळ्या कोटावर चढला होता आणि त्यांना शिंका सुरू झाल्या होत्या.

सुनील एव्हाना पुढच्या दारातून उतरला होता. मी अदबीने मामांना म्हटलं, की पुढच्या सीटवरून जरा चढून माझ्या दाराने येता का? मामा म्हणाले, "त्या दारानं डायवर उतरते." मग मी डिक्की उघडली. मागच्या सीटची पाठ पाडली की तिकडून सहज उतरता येतं, मी समजावून सांगितलं. मामांनी माझ्याकडे बघितलं.

"डिक्कीतून सामान उतरते. मी सामान नाही."

संपलं. सुनीलची आई उतरायला तयार होती, पण भाऊ उतरल्याशिवाय ती कशी उतरणार? ती गुपचूप बसून राहिली. रफिक मेकॅनिक टॉमी, म्हणजे लोखंडी पहार, घेऊन आला. त्याने दार ठोकून पाहिलं आणि गॅसने कापावं लागेल म्हणाला. मी म्हटलं, आत मामा असताना? तेव्हा तो म्हणाला, "ते सरकून बसतील थोडे." ते मामांनी ऐकलं. त्यांनी खिडकीची काच सरकवली आणि सुनीलला सांगितलं, की परतीची एसटी किती वाजता आहे ते विचार. सुनीलचा चेहरा उतरला. मी आजवर बऱ्याच जणांवर चिडलोय, पण त्या क्षणी मला इतकी भीती वाटली, की कंपनीलासुद्धा शिव्या देण्याचं सुचलं नाही. तिसरं स्थळ, आणि तेही पोरीच्या मनातलं, माझ्या व्हॅनच्या दारात अडकून परत चाललं होतं.

अशा वेळी मुलीने बोलावल्याशिवाय बाहेर यायचं नसतं. माधुरी आली. शालूचा पदर खोचून, कुणाकडे न बघता, सरळ व्हॅनच्या मागे गेली. आई दबक्या आवाजात म्हणाली, "माधुरी, घरात जा." ती थांबली नाही.

"मामा, तुमी उतरू नका. मीच येते तिकडं."

आणि ती डिक्कीत चढली. सीटची पाठ तिनेच पाडली, बांगड्या वाजवत तिच्यावरून पलीकडे गेली, आणि मामांच्या पायावर डोकं ठेवलं. केसांत कापूस, शालूला ग्रीस. मामांना तेवढ्यात शिंक आली, ती त्यांनी दाबली. सुनीलच्या आईच्या डोळ्यात पाणी आलं. तिने खिडकीतून हात बाहेर काढून आईकडून कुंकू मागितलं आणि तिथेच, व्हॅनमध्ये, पोरीच्या कपाळाला लावलं. ओटीसुद्धा तिथेच भरली. नारळ सीटखाली गडगडत गेला, तो सुनीलने पुढून हात घालून काढला. गुरुजींनी बाहेर उभं राहून मंत्र म्हटले. मी बाहेर ते तुटकं हँडल हातात धरून रडत होतो. खोटं कशाला सांगू?

मग मामा स्वतःहून मागच्या सीटकडे वळले.

"सून ज्या दारानं आली, तेच आपल्या घराचं मोठं दार," मामा म्हणाले. "ताट इकडं आणा न जी."

मग काय धावपळ! ओवाळणीचं ताट मागे, तांब्या मागे, सुनंदाने मुठीने रांगोळीच्या चार रेघा डिक्कीमागे ओढल्या. मामा अंगाने चांगले भरलेले. आतून माधुरी आणि सुनीलची आई ढकलत होत्या, बाहेरून सुनील हात देत होता. उतरताना पाय टेकायला काही नव्हतं. पाट आणेपर्यंत मामा अर्धे लटकले, म्हणून मीच गुडघे टेकून वाकलो. त्यांनी माझ्या पाठीवर दोन्ही पाय ठेवले, तिथे नीट उभे राहिले, आणि आईला म्हणाले, "आता ओवाळा." आईने ओवाळलं. सावकाश, सगळ्या वाती सांभाळून ओवाळलं. पायही बाबांनी तिथेच धुतले आणि ते पाणी माझ्या सदऱ्यात गेलं.

सोयरीक पक्की झाली. मारेगावला लग्नही थाटात झालं. मामांनी आमच्या सगळ्या माणसांची इतकी सरबराई केली, की माझ्या मनातली धाकधूक पार गेली. शेवटी कानपिळीची वेळ आली. नवरीच्या भावाने नवरदेवाचा कान पिळायचा आणि माझ्या बहिणीला नीट वागव म्हणून बजावायचं. वर्षानुवर्षांचा आमचा मान. मी ऐटीत पुढे झालो, सुनीलच्या कानाकडे हात नेला, आणि मागून कुणीतरी माझाच कान धरला. चांगला पिळला, उलटा आणि सुलटा. मामा होते.

सगळा मांडव हसत होता. फोटोवाल्याने नेमका तेवढाच फोटो काढला. आज त्या अल्बममध्ये कानपिळीचा एकच फोटो आहे, आणि कुणी नवीन पाहुणा तो बघायला लागला की माधुरीला दर वेळी समजावून सांगावं लागतं, की ज्याचा कान पिळलाय तो तिचा नवरा नाही.