कांद्याची खोली

रहाटणीतल्या आमच्या घरात वारा येणारी खोली एकच होती आणि तिच्यावर दोघांचा हक्क होता. एक कांदा आणि दुसरा माझा नवरा.

नवरा पिंपरीला कंपनीत होता. त्या उन्हाळ्यात त्याला सारखी तिसरी शिफ्ट लागली होती. सकाळी सायकलवरून यायचा, भाकरी खायचा आणि त्या खोलीत खिडकी लावून आडवा व्हायचा. उजेडात त्याचा डोळाच लागत नसे.

त्यात आम्ही सासू-सुनेनं कांदा काढला. उन्हानं भाजू नये म्हणून एका ओळीचे कांदे दुसरीच्या पातीखाली झाकत वावरातच सुकवला. पात वाळल्यावर दोन बोटं मान ठेवून कापली आणि सासूबाईंनी खोलीत तुरीच्या वाळक्या तुराट्या अंथरून कांदा पसरला. तो दिवाळीपर्यंत टिकलाच पाहिजे, हा त्यांचा हट्ट.

त्या खिडकी उघडायच्या, नवरा लावायचा.

"कांद्याला वारा लागतो," त्या म्हणायच्या. "माणसाचं काय, डोळं मिटलं की अंधार."

थोड्याच दिवसांत खोलीला वास सुटला. सडके कांदे पाटीनं बाहेर निघू लागले. इकडे नवऱ्याला मशीनवर डुलकी लागली आणि हात थोडक्यात वाचला. त्यानं ते हसत सांगितलं. मला मात्र हसू आलं नाही, भीतीच वाटली. मी दोघांनाही बजावलं, आता कांद्याला वेगळं घर बांधायचं.

सुट्टीच्या दिवशी नवऱ्यानं भंगारातून मशीनच्या खोक्यांच्या फळ्या आणल्या. वावराच्या कडेला चार मेढी रोवून कमरेइतक्या उंचीवर फटी ठेवून फळ्या ठोकल्या, वर उसाच्या पाचटाचं छप्पर घातलं आणि सगळा कांदा फळ्यांवर हलवला. शेजारचे येऊन बघून गेले. "कांद्याला बंगला बांधला राव," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी बघते तर खोलीत खिडकी बंद, अंधार गुडुप आणि अंथरूण रिकामं. शोधत वावरात गेले. साहेब बंगल्याखालच्या सावलीत घोंगडीवर पसरले होते. दोन्हीकडून वारा येत होता, वरून कांद्याची सालपटं गळून मिशीवर बसली होती, आणि भर उजेडात घोरणं चाललं होतं.

सासूबाई शेजारी बसून कांदा निवडत होत्या. एरवी सडका कांदा लांब भिरकावणाऱ्या त्या, आज एकेक उचलून हळूच पाटीत ठेवत होत्या. मी हसत तोंड उघडलं, तर त्यांनी ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," त्या कुजबुजल्या. "ह्याचा बाप बी असाच झोपायचा. घरात न्हाई, कांद्यापाशी."

मी खाली बसले आणि त्यांच्यासोबत गुपचूप कांदा निवडू लागले.