कामाची शिटी

“मंग तोंडात काय होतं वहिनी तुमच्या? शिटी का सुपारी?”

योगराजने हे तिसऱ्यांदा विचारलं, तरी रीनाने सुपातल्या तांदळावरची नजर उचलली नाही. दिराच्या भुवईवर पट्टी होती आणि हातात टाईप केलेला कागद. गोंदियाच्या हॉलमध्ये परवा झालेल्या इनडोअर फुटबॉलच्या फायनलमध्ये त्याचा संघ हरला होता आणि पंच होती त्याची सख्खी वहिनी. ठरलेला पंच आलाच नाही, तेव्हा दोन्ही संघांनी आपण होऊन तिला उभं केलं होतं.

शेवटच्या मिनिटाला चेंडू बाजूच्या रेषेबाहेर गेला. रीनाने हात वर करून दिशा दाखवली आणि चेंडू आत द्यायला मिळणारे चार सेकंद बोटांवर मोजायला लागली. योगराजच्या संघातली पोरं शिटीची वाट बघत कमरेवर हात ठेवून उभी राहिली. समोरच्यांनी चेंडू आत दिला, त्यांच्यातल्याच एकाने पायाने अडवून मारला, गोल झाला.

कागदात लिहिलं होतं की शिटी न देणं ही पंचाची चूक होती. खाली तिची सही झाली की सामना पुन्हा खेळवायला स्पर्धेची कमिटी कबूल होती. पण चूक लिहून दिलेल्या पंचाला पुढे कोणी साधी शाळेची मॅचसुद्धा देत नाही. हे योगराजलाही ठाऊक होतं.

“घरची गोष्ट होय. सही करून टाक,” सासू म्हणाली. चमेलीबाईला घरात भांडण नको होतं. लखन, रीनाचा नवरा, सायकलची चेन पुसत बसला होता. ती केव्हाच चकचकीत झाली होती.

चेंडू बाहेर गेला तर पंचाचा हात पुरतो, फाऊलला, खेळ थांबवायला शिटी लागते, हे रीनाने दोनदा समजावून सांगितलं होतं. ते ती पुस्तकात वाचण्याआधीपासून जाणत होती. तिचा बाप फागू नागझिऱ्याच्या जंगलात वणवा विझवणाऱ्या टोळीत होता. टोळीतल्या सगळ्यांच्या गळ्यात शिटी असे. एकजण चहाला शिटी वाजवायचा, बिडीला वाजवायचा, जेवायला बोलवायलाही वाजवायचा. एकदा मोहाच्या झाडाखाली अस्वल अंगावर आलं, तेव्हा तो जीव तोडून वाजवत राहिला, आणि टोळी म्हणाली, चहा झाला वाटते. त्याचा खांदा फाटला. फागूने मात्र उभ्या नोकरीत शिटी किती वेळा वाजवली ते जंगलात मोहफुलं वेचणाऱ्या बाया बोटांवर सांगत. ती वाजली की टोपल्या टाकून पळत.

रीना आश्रमशाळेत अनवाणी फुटबॉल खेळली, आता अर्जुनी मोरगावच्या वसतिगृहात पोरींना खेळ शिकवत होती. आठ वर्षांपूर्वी पंचाची परीक्षा द्यायला निघाली, तेव्हा फागूने आपली शिटी तिच्या हातात दिली. फुंकून दाखव, असंही म्हणाला नाही.

“एक शिटी वाजवली असती तं काय झिजली असती काय?” योगराज म्हणाला.

रीनाने सूप बाजूला ठेवलं.

“एक वाजवली होती, भाऊजी. ते विसरले काय?”

योगराजचा हात नकळत पट्टीकडे गेला.

पहिल्याच हाफमध्ये तो गोलच्या खांबावर आपटून गोलसमोर आडवा पडला होता. चेंडू समोरच्याच्या पायात, मारायला पाय मागे गेलेला, दोन हात अंतरावर योगराजचं तोंड. लोक कोकलत होते, पत्रे बडवत होते. तेव्हा रीनाची शिटी वाजली. त्या पोराचा पाय हवेतच थांबला, आणि लोकही गप्प झाले.

चमेलीबाईने हे बाकावर बसून बघितलं होतं. ती चुलीशी वळली, लाकूड आत सारलं, आणि पाठमोरीच म्हणाली, “तो पोट्टा थांबला नसता तं तुयं नाक नसतं राहिलं रे बाबू.”

“मा, तू कोणाकडून बोलून राहिली?”

“मले काय समजते फुटबॉलातलं. मी जे पाह्यलं ते सांगून राहिली.”

 योगराजने तरी कागद मागे घेतला नाही, रीनापुढे तसाच धरून ठेवला. लखनने पहिल्यांदा मान वर केली, आणि सगळे रीनाकडे बघायला लागले. सही केली असती तर संध्याकाळपर्यंत घर हसतं झालं असतं, हे तिला दिसत होतं. दिरावर तिची माया होती. त्याचं लग्न जमवायला तीच पुढे झाली होती.

तिने कागद घेतला, नीट चार घड्या घातल्या, आणि त्याच्या शर्टाच्या खिशात ठेवला.

“सही करत नाही. रविवारी गोंदियात पोरींची मॅच आहे, पंच मीच आहो, सकाळच्या गाडीनं जाऊन राहिली. भात मांडून ठेवीन, वरणाचं तुमचं तुम्ही पाहा.”