पांढरे मोजे

चेन्नईत हिवाळ्यात पळायला लोकर लागत नाही. पहाटे दव पडतं, हवा ओलसर असते, घाम वाळत नाही. पूर्ण बाह्यांचा पातळ टीशर्ट, गाड्यांच्या उजेडात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जाकीट आणि बुटांचे दोन जोड एवढं पुरतं. दोन जोड अशासाठी, की डिसेंबरात पेरुंगुडीच्या रस्त्यांवर पाणी साचलेलं असतं आणि भिजलेले बूट एका दिवसात वाळत नाहीत. मी त्यांत जुन्या वर्तमानपत्रांचे बोळे कोंबून ठेवतो. मी दैनिकात काम करतो, त्यामुळे घरात रद्दीला तोटा नाही.

मला आणखी एक वस्तू लागते, पांढरे मोजे. मधुमेहामुळे माझ्या तळपायांना काही कळत नाही. डॉक्टरांनी पळायची परवानगी दिली ती अटी घालून. बूट चढवण्यापूर्वी आत हात फिरवायचा, मोजे पांढरेच घालायचे, घरी आल्यावर ते उलटे करून पाहायचे. गडद मोज्यावर रक्त दिसत नाही. ‘पायाला जखम झाली की पळणं संपलं,’ असं त्यांनी सांगितलं होतं. आपणहून करावं असं पळण्याखेरीज माझ्याकडे काही उरलेलं नाही.

सासूबाई आमच्याकडेच राहतात. तंजावरच्या मराठी घरातल्या. मार्गळी, म्हणजे तमिळ मार्गशीर्ष, लागला की त्या रोज पहाटे फ्लॅटच्या दाराबाहेर मोठं कोलम काढतात, तांदळाच्या पिठाची रांगोळी, आणि तिला ओल्या गेरूचा काठ देतात. त्यांच्या मते हिवाळ्यात उपयोगाची वस्तू एकच, कानटोपी.

“जावईबापू, आजही टोपी नाही. मार्गळीचं दव कानात शिरतं.”

“कान शाबूत आहेत, अम्मा.”

“पायही शाबूतच होते.”

त्या दिवशी पळून आलो, बाहेरच्या रॅकपाशी बूट काढले आणि मोजे घालूनच घरात शिरलो.

“अय्यो! गेलं माझं कोलम!”

मागे वळून पाहिलं. गेरूचा काठ फिसकटला होता आणि आतल्या फरशीवर लाल ठसे उमटले होते. बायको स्वयंपाकघरातून हसत बाहेर आली.

“अहो, तळपाय सुन्न आहेत ना? मग डोळ्यांना काय झालं?”

“गेरूच आहे,” सासूबाई म्हणाल्या. “साबणानं जाईल. द्या बादलीत.”

बायकोनं हात पुढे केला. मी ठरल्याप्रमाणे मोजे उलटे केले. उजवा आतून पांढरा होता. डाव्याला अंगठ्याखाली डाग होता, गेरूपेक्षा काळपट. गेरू बाहेरून लागतो. हा आतून आला होता.

बायकोनं खाली बसून माझा तळपाय उचलला, पाहिला आणि परत ठेवला. मग रॅकवरून डावा बूट आणून तिनं आत हात घातला.

“स्स!” तिनं बोट तोंडात धरलं. “पिन आहे. तळपट्टीत उभी रुतलीय. तुमच्या बोळ्यातलीच असणार, रविवारच्या पुरवणीची. घालण्याआधी हात फिरवला नव्हता?”

“फिरवला होता.”

“नीट?”

“रोजच्यासारखा.”

 मग तिनं बूट माझ्यापुढे धरला, माझं बोट आपल्या हातात घेऊन आत नेलं आणि एका जागी टेकवलं.

“इथे. लागतंय?”

“तळपट्टी लागतेय.”

“आणि टोचतंय?”

“नाही.”

तिनं माझा हात बाहेर काढला. बोटाच्या टोकावर रक्ताचा थेंब होता. सासूबाई गेरूची वाटी घेऊन काठ पुन्हा काढायला दारात वाकल्या होत्या. त्या तशाच थांबल्या.  बायकोनं मोजे बादलीत टाकले आणि डॉक्टरांना फोन लावला.