श्रीमंतरावांनी घेऊन दिलेलं मशीन

सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णवच्या सुमाराला केडगावात कुणाला कॉम्प्युटर घ्यायची हुक्की आली, की त्याला चारचौघांकडून एकच सल्ला मिळायचा: आधी भिंगारदिव्यांच्या श्रीमंतरावांना गाठ. नगरच्या शोरूममधला भाव ऐकून तोंडचं पाणी पळालेला माणूस श्रीमंतरावांच्या ओट्यावर येऊन बसायचा, आणि चहा पिऊन उठेपर्यंत त्याच्या जिवात जीव आलेला असायचा. खुद्द श्रीमंतरावांच्या घरात मात्र कॉम्प्युटर नव्हता. त्यांना तो नकोच होता. एकट्या माणसाने त्यावर टाईप तरी काय करायचं, आणि कुणासाठी?

श्रीमंतराव सुप्याच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होते. तीन ठिकाणचे भाव काढल्याशिवाय साधा बोल्टसुद्धा घ्यायचा नाही, हा तिथला नियम. तो त्यांच्या अंगात असा मुरला की बाजारात मेथीची जुडी घ्यायलाही ते तीन टोपल्यांपुढे उकिडवे बसत. त्यांची बायको रतनबाई यावरून त्यांची जन्मभर फिरकी घेत आली. "मला बघाया आला तवा आधी दोन ठिकाणी भाव काढून आलता का वो?" असं ती भर पाहुण्यांत विचारायची, आणि श्रीमंतराव कान लाल करून चहाच्या कपात बघत बसायचे. पुढे कारखान्याने ऑफिसात कॉम्प्युटर बसवायचं ठरवलं आणि खरेदीसाठी साहेबांबरोबर यांना दोनदा पुण्याला धाडलं. बुधवार पेठेतल्या त्या अरुंद गल्ल्या बघून श्रीमंतराव हरखून गेले. शोरूममध्ये जे एका मोठ्या नावाखाली डबल भावात विकतात, तेच इथे सुटं सुटं मिळतं, एका दुकानातून पडदा, दुसऱ्यातून डबा, तिसऱ्यातून कीबोर्ड, आणि जोडून घेतलं की निम्म्यात काम होतं, हे त्यांनी त्या दोन फेऱ्यांत बरोबर हेरलं.

मग कारखान्याने जुन्या माणसांना स्वेच्छानिवृत्ती देऊन घरी बसवलं, आणि घरी बसून वर्ष होतंय तोवर रतनबाई गेली. मूलबाळ नव्हतं. श्रीमंतरावांना भूक लागायची, पण कुणी 'जेवता का' म्हणायचं नाही, आणि मग भूकही मरून जायची. रेडिओ लावला की त्यात माणसं बोलत, पण ती यांच्याशी बोलत नसत. संध्याकाळी पुणे रस्त्यावरून एसट्या जायच्या, त्यांतली माणसं कुठे कुठे चाललेली असायची, आणि श्रीमंतराव ओट्यावर बसून त्या मोजायलाही विसरायचे. इतका एकटेपणा त्यांनी आयुष्यात बघितला नव्हता.

यातून त्यांना कॉम्प्युटरनेच बाहेर काढलं. शेजारचे भाऊसाहेब गुरुजी क्लाससाठी कॉम्प्युटर घ्यायचा म्हणून भाव विचारायला आले. श्रीमंतराव त्यांना घेऊन पुण्याला गेले आणि निम्म्या पैशात मशीन घेऊन आले. बातमी गावभर झाली. मग एकामागून एक लोक येऊ लागले. श्रीमंतराव कुणाकडून एक पैसा घेत नसत. अट एकच, उतावीळपणा करायचा नाही. घेणाऱ्याने आधी काही दिवस संध्याकाळी घरी येऊन बसायचं, कामाचं स्वरूप सांगायचं, बायकोला काय वाटतं, पोरं काय म्हणतात, सगळं सविस्तर सांगायचं. खरं तर यातल्या निम्म्या गोष्टींचा कॉम्प्युटरशी काडीचा संबंध नसे. पण श्रीमंतराव मान डोलावत ऐकायचे आणि मधेच उठून चहाचं आधण वाढवायचे.

त्यानंतर पुण्याची फेरी. येताना मॉनिटर कधी टपावर टाकायचा नाही. तो गोधडीत गुंडाळून श्रीमंतराव मांडीवर घेत आणि खड्डा आला की त्याला तान्ह्या पोरासारखं वर उचलून धरत. घरी मशीन जोडलं की सगळ्यांच्या चपला दाराबाहेर. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून जायचं नाही, हा तेव्हा जगाचाच रिवाज होता. कुणी नारळ फोडायचं, कुणी मेणबत्ती लावायचं, एका मावशीने तर कीबोर्डवर हळदकुंकू वाहिलं आणि ते फटीतून काढता काढता श्रीमंतरावांचा दिवस गेला. त्या दिवशी पहिलं ताट त्यांचं. वाढणारी आग्रह करायची, म्हातारी माणसं तोंड भरून आशीर्वाद द्यायची.

आणि दुसऱ्या दिवसापासून मशीन चालू, श्रीमंतराव बंद.

लोक काही वाईट नव्हते. रस्त्यात भेटले की हात जोडायचे. पण यायचं कशासाठी? श्रीमंतरावांनी निवडलेलं मशीन बिघडायचंच नाही. पार्ट न् पार्ट तपासून, सील बघून घेतलेलं. बिघडलं असतं तर माणसं धावत आली असती.

हे त्यांना कळलं ते गहिनीनाथामुळे. गहिनीनाथाचा बाजारात फोटो स्टुडिओ होता. त्याने यांचं न ऐकता कुठून तरी जुनं मशीन स्वस्तात उचललं होतं आणि ते आठवड्याला एकदा तरी मान टाकायचं. मग त्याचा निरोप यायचा: "दादा, पुन्हा मेलं बघा ते. या जरा." श्रीमंतराव डबा उघडायचे, आतली मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासायचे, परत खोचायचे. तोवर चहा यायचा, भेळ यायची, गावातल्या भानगडी यायच्या. निघताना गहिनीनाथ म्हणायचा, "तुमच्याबिगर माझं पानच हलत न्हाई बघा." त्या वाक्यावर श्रीमंतरावांचे पुढचे चार दिवस निघायचे. आपल्याला दुसऱ्याच्या बिघाडाचं सुख वाटतंय, हे ध्यानात आलं तेव्हा त्यांना स्वतःची लाज वाटली. पण सुख वाटायचं ते वाटायचंच.

पावसाळा सरता सरता मागच्या आळीतली वृषाली साळवे आपल्या आईला घेऊन त्यांच्याकडे आली. आई छबूबाई अंगणवाडीत मदतनीस. पोरगी टायपिंगच्या परीक्षा पास झालेली. स्टँडजवळ तिने गाळा घेतला होता आणि तिथे तिला अर्ज, पत्रिका, हँडबिलं करून द्यायचं दुकान टाकायचं होतं. "काका, मशीन तेवढं तुम्ही बघून द्या," ती म्हणाली. श्रीमंतराव म्हणाले, "देऊ की. पण उतावीळपणा नको."

मायलेकी रोज संध्याकाळी येऊ लागल्या. वृषाली प्रश्न विचारून त्यांना भंडावून सोडायची. छबूबाई येताना वाटीत काहीतरी घेऊन यायची आणि बोलता बोलता त्यांच्या स्वयंपाकघरातली कळकट भांडी घासून टाकायची. "भाऊ, ह्या चहाच्या गाळणीला चार गावचा गाळ बसलाय," असं म्हणून ती हसली, तेव्हा श्रीमंतरावांना एकदम भरून आलं. रतनबाई गेल्यापासून त्या घरात कुणी मोकळेपणी हसलंच नव्हतं.

आणि श्रीमंतराव दिवस पुढे ढकलू लागले. आधी म्हणाले, दसऱ्याला सवलती निघतात, तेव्हा घेऊ. दसऱ्याला म्हणाले, दिवाळी होऊ दे, दुकानदारांचा माल पडून राहिला की पाडून मागता येतं. दिवाळीनंतर म्हणाले, नवीन पेंटियम येतोय, तो आला की आत्ताच्याचा भाव धाडकन खाली येईल. यातलं एक अक्षर खोटं नव्हतं. कॉम्प्युटरचा भाव तेव्हा खरंच महिन्या-महिन्याला उतरत होता. थांबणारा शहाणाच ठरायचा, त्यामुळे कुणाला शंका यायचं कारण नव्हतं. शंका होती ती एकट्या श्रीमंतरावांना. एकदा मशीन घेतलं की ह्या दोघी उद्यापासून येणार नाहीत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एका संध्याकाळी छबूबाई एकटीच आली. वाटी खाली ठेवून म्हणाली, "भाऊ, तुळशीची लग्नं झाली. लोकं पत्रिका छापाया नगरला चाललीत. पोरीचा गाळा अजून बंदच हाय. ती तुमाला काय म्हनायची न्हाई, तुमच्यावर लई भरोसा हाय तिचा. पर लग्नसराई काय भाव उतरायची वाट बघती व्हय?"

तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं. श्रीमंतरावांना जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. ते एवढंच म्हणाले, "उद्या सकाळच्या गाडीनं जाऊ. वृषालीला तयार राहायला सांगा."

पुण्यात वृषालीला घेऊन ते तीन दुकानं फिरले आणि शेवटी ओळखीच्या शेठकडे येऊन बसले. बाकी सगळं जुळलं, हार्ड डिस्कपाशी गाडी अडली. माणूस जे जे टाईप करील ते सगळं जिच्यात साठतं ती ही चपटी डबी. शेठने काउंटरवर दोन ठेवल्या.

"ही नवी," तो म्हणाला. "आणि ही एका ऑफिसातून उतरवलेली. मी लपवत नाही, वापरलेली आहे. चालते, पण अधूनमधून कुरकुर करील, अडकेल. म्हणून तर एवढी स्वस्त. साध्या गिऱ्हाइकाला मी दाखवतही नाही. पण तुमच्यासारखा जाणकार शेजारीच राहतो म्हटल्यावर अडतंय कुठे? पोरीचे पैसे वाचतील."

श्रीमंतरावांनी ती जुनी डबी हातात घेतली. बघता बघता सगळं डोळ्यांपुढे उभं राहिलं. महिनाभरात वृषालीचा निरोप येणार, काका, अडकलंय हो, या ना जरा. गाळ्यात एक स्टूल त्यांच्यासाठीच ठेवलेलं. छबूबाई चहा घेऊन येणार. काकांशिवाय माझं चालतच नाही, असं पोरगी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगणार. आणि कुणी बोट दाखवणार नाही, कारण सौदा तर स्वस्तातला झालेला असेल. पैसे वाचल्याचं पुण्यच पदरात पडेल.

"काय करू या?" त्यांनी वृषालीला विचारलं. त्यांना वाटलं, ही म्हणेल स्वस्त घ्या, आणि आपण सुटू.

वृषाली कपाटातल्या खोक्यांवरची नावं वाचत उभी होती. ती वळूनही न बघता म्हणाली, "काका, तुम्ही म्हणाल ते."

शेठने मध्ये एक फोन घेतला, दुसऱ्या गिऱ्हाइकाला वाटेला लावलं, तरी श्रीमंतरावांच्या हातात ती डबी तशीच. मग त्यांनी ती काउंटरवर अलगद ठेवली.

"नवी द्या," ते म्हणाले. "सील आधी फोडू नका. माझ्यासमोर फोडा."

परतीच्या एसटीत शिरूरपर्यंत वृषाली बोलतच होती. दुकानाची पाटी कोणत्या रंगाची करायची, पहिली पत्रिका कुणाची, असं काय काय. मग पायांत डबा धरून खिडकीला टेकली आणि गाढ झोपी गेली. श्रीमंतरावांना तिथे रडू आलं. मांडीवर मॉनिटर, दोन्ही हात त्याला धरलेले, त्यामुळे खिशातला रुमालही काढता येईना. ते तसेच समोर बघत बसले. कंडक्टरने एकदा पाहिलं आणि काही न विचारता पुढे गेला.

गाळ्यात मशीन बसलं त्या दिवशी बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंपुढे मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. बटण दाबायचा मान वृषालीने काकांनाच दिला. पडदा उजळला तेव्हा आळीतल्या माणसांनी टाळ्या वाजवल्या. छबूबाईने खीर वाढली, वाटी संपायच्या आत पुन्हा भरली. श्रीमंतरावांनी पोटभर खाल्ली. ते त्या दिवशी खरोखर आनंदात होते.

दुकान झपाट्याने चाललं. पहिला आठवडा छबूबाई चक्कर मारून गेली, मग तिचीही धांदल वाढली. पोरगी दिवे लागल्यावर उशिरा घरी यायची, तिच्या जेवणाचं बघायचं की ह्यांच्या ओट्यावर बसायचं? श्रीमंतराव मग स्वतःच स्टँडकडे फिरायला जाऊ लागले. गाळ्यापुढे थांबून विचारायचे, "काही अडचण?"

"काहीच नाही काका!" वृषाली आनंदाने ओरडायची. "एकदासुद्धा अडकलं नाही बघा. बसा ना."

पण खुर्ची एकच, आणि तीवर पत्रिकेचा मजकूर सांगायला आलेला नवऱ्या मुलाचा काका बसलेला असायचा. श्रीमंतराव म्हणायचे, "नको, चालू दे तुझं," आणि घरी यायचे. गहिनीनाथानेही उन्हाळ्याच्या तोंडाला जुनं मशीन भंगारात घालून नवीन घेतलं. तेही श्रीमंतरावांनीच बघून दिलं.

चैत्रात एका दुपारी सुप्याहून एक जोडपं त्यांचं घर विचारत आलं. रामहरी आणि रोहिणी. झेरॉक्सचं दुकान होतं, त्यात आता कॉम्प्युटर घालायचा होता. श्रीमंतरावांनी लगबगीने सतरंजी झटकली, पाणी दिलं, चहा ठेवला. तिघांसाठी चहा ठेवायचा प्रसंग किती दिवसांनी आला होता, त्यांना पाण्याचा अंदाजच येईना.

"इथं कुणी धाडलं तुम्हाला?" त्यांनी विचारलं.

"वृषालीताईंनी," रोहिणी म्हणाली. "आमी पाच-सात जणांस्नी इचारलं, समद्यांचं निराळंच. ताई म्हनल्या, कुनाच्या नादी लागू नका. काकांकडं फकस्त एकदा जावा. पुन्यांदा जायची पाळी कुनावर आलेली न्हाई."

श्रीमंतराव स्टोव्हपाशी पाठमोरे उभे होते. चहा वर आला तसा त्यांनी तो फुंकून खाली बसवला.

"खरं हाय," ते म्हणाले. "कुणीसुदिक येत न्हाई."

"व्हय," रोहिणी कौतुकाने हसत म्हणाली. "तेच तर म्हनत्यात समदी."