न झालेल्या सभेची साक्ष

मुगाच्या मोडांच्या शेपट्या निम्म्याच खुडून झाल्या होत्या आणि उरायने परात पुन्हा बाजूला सारली. बसवत नव्हतं. उठून तिने बुद्धमूर्तीपुढची फुलमाळ उगाच सरळ केली, परत येऊन बसली, परत उठली.

"उराय, आवर गं! वकील कोर्टाच्या दारात ताटकळलाय," थोरला भाऊ प्रयून गाडीच्या किल्ल्या वाजवत म्हणाला. "आणि तिथे विहारातलं काही काढू नकोस. सभा झाली म्हणायचं, संपलं."

"झाली कुठे, दादा?"

"आपल्याकडे कधी झालीय? हिशेबनीस कागद आणतो, आपण जेवता जेवता सह्या करतो. सुमोननेही इतकी वर्षं केल्याच ना? आता बाईसाहेबांना कायदा आठवला!"

थायलंडात मेक्लाँग नदीकाठी त्यांच्या वडिलांनी नीरा आटवून माडाचा गूळ करायला सुरुवात केली, पुढे त्याची कंपनी झाली. तिघा भावंडांचे शेअर. उरायने लग्न केलं नाही. पोरवयात ती गुळाच्या भट्ट्यांपुढे धुरात खोकत राबली, मग कामगारांचा स्वयंपाक तिच्याकडे आला. यंदा एका ठरावाने धाकट्या बहिणीला, सुमोनला, संचालकपदावरून काढलं. सभेला प्रयून, त्याची बायको आणि उराय हजर होते, असं कागद म्हणत होता. ठराव रद्द करा म्हणून सुमोन कोर्टात गेली. तो रद्द झाला तर कारभार प्रयूनच्या एकट्याच्या हातात राहणार नव्हता, आणि उराय राहायची प्रयूनच्याच घरात. पण दर उपोसथाच्या व्रतदिवशी ती विहारात जाऊन भन्तेंपुढे पंचशील घ्यायची. खोटं बोलणार नाही, हे त्यातलं चौथं शील; सकाळपासून तेच तिला बसू देत नव्हतं.

कोर्टात उभं राहून तिने शपथ घेतली. प्रयूनच्या वकिलाने विचारलं, "ठरावाला तुम्ही विरोध केला होता?"

"नाही."

हे तर खरंच होतं. सुटले बाई एकदाची, असं तिला वाटलं. पण इथे साक्षीदाराचं बोलणं जसंच्या तसं उतरत नाही. न्यायाधीश ऐकतात आणि आपल्या शब्दांत ध्वनिमुद्रण यंत्रात सांगतात. न्यायाधीशबाई यंत्राशी वाकल्या. "साक्षीदार सभेला हजर होती. तिने ठरावास विरोध केला नाही."

उरायची बोटं मांडीवर काहीतरी खुडू लागली. वकील पुढच्या प्रश्नाला लागलासुद्धा.

"बाईसाहेब, थांबवा ते यंत्र!"

"काय चुकलं?"

"विरोध केला नाही, खरंय. पण सभेला होते असं कुठे म्हणाले मी? सभा झालीच नाही. मी कालवण ढवळत होते. पळी या हातात, पेन त्या हातात."

मागे सुमोन फिसकन हसली. उराय गर्रकन वळली. "दात काढू नकोस! तूसुद्धा अशाच सह्या ठोकायचीस. तेही घ्या, बाईसाहेब. आमच्या घरात सभा कधीच झालेली नाही."

सुमोनचं हसू जागीच विरलं. प्रयून छताकडे बघत बसला. न्यायाधीशबाईंनी ते वाक्य खोडून नवं सांगितलं. टाइप झालेला कागद उरायला वाचून दाखवला, मग तिची सही घेतली. आणि भावंडांना विचारून मध्यस्थीच्या खोलीत पाठवलं.

तिथे गूळ राहिला बाजूला. शाळेत कुणाला घातलं, वडिलांचं आजारपण कुणी काढलं, इथपर्यंत सगळं निघालं. मध्यस्थ गृहस्थ पाण्याचे पेले पुढे करत राहिले. शेवटी ठरलं ते एवढंच, की जुना ठराव रद्द, आणि रीतसर नोटीस देऊन खरीखुरी सभा.

"नोटिसा हिलाच टाकू दे," प्रयून फणकारला. "सत्याची फार हौस आलीय."

"ताई, पत्त्यात माझ्या फ्लॅटचा मजला नीट लिही हं," सुमोन म्हणाली. "नाहीतर म्हणशील, पाठवली होती."

परतीच्या वाटेवर उराय प्रयूनच्याच गाडीत होती. घर जवळ आल्यावर त्याने विचारलं, "मत कुणाला देणार?"

"सभेत सांगेन."

उतरल्यावर त्याने गाडीचं दार धाडकन लावलं. या घरात आता किती दिवस, कोण जाणे. उद्या भन्तेंना भिक्षा वाढून झाली की पोस्टात जाऊन सुमोनच्या नावाची नोटीस रजिस्टरने टाकायची होती.